लोकेशन बंद करावे की मेलची तपासणी आवरावी?

फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरत नाही म्हणून सेटिंग्ज उघडून बसलेल्या माणसापुढे, पडद्याचा उजेड कमी करून आणि नको असलेली ॲप्स काढून टाकून झाल्यावर, दोन वाटा हमखास उरतात. एक म्हणजे लोकेशनचा मुख्य स्विचच बंद करायचा आणि मेल जसा येतो तसा येऊ द्यायचा. दुसरी म्हणजे लोकेशन चालू ठेवून प्रत्येक ॲपला त्याच्या गरजेपुरती परवानगी द्यायची आणि काटछाट करायची ती मेल तपासण्याच्या वेळापत्रकात. या दोन्ही वाटांनी मी गेलो आहे. पहिलीने जेमतेम दोन महिने, दुसरीने आता वर्षाहून अधिक काळ. माझ्याकडे आयफोन आहे आणि घरातला दुसरा फोन अँड्रॉइडचा असल्यामुळे त्याच्याही सेटिंग्ज अधूनमधून माझ्याच हातात येतात. मोजमापाचे कोणतेही उपकरण मी वापरलेले नाही. दिवसभरात चार्जरची आठवण पहिल्यांदा किती वाजता होते, एवढीच माझी मोजपट्टी, आणि पुढचे सारे त्या मोजपट्टीच्या मर्यादेतच वाचावे.

लोकेशनची बदनामी अगदीच निराधार नाही. नकाशा रस्ता दाखवत असतो तेव्हा जीपीएसचा रिसीव्हर सतत काम करत असतो, पडदा जळत असतो, नकाशाचे तुकडे नेटवरून उतरत असतात आणि वर आवाजी सूचनाही चालू असतात. अर्ध्या तासात फोन हाताला गरम लागू लागतो आणि ‘जीपीएस बॅटरी खातो’ हा समज आपण तिथूनच उचलतो. परंतु ही अवस्था दिवसातला थोडाच वेळ असते, आणि त्या तापण्यात पडद्याचा वाटाही मोठा असतो. एरवी हवामानाच्या ॲपने आपण कुठे आहोत असे विचारले, तर फोन बहुतेक वेळा उपग्रहांपर्यंत जात नाही. जवळचे मोबाइल टॉवर आणि आसपासचे वाय-फाय राउटर यांवरून तो अंदाज बांधून देतो, आणि हे काम तुलनेने स्वस्तात होते.

शिवाय ‘लोकेशन बंद ठेवा’ हा सल्ला ज्या काळात रूढ झाला, त्या काळातले फोन आता राहिलेले नाहीत. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८ ने पडद्याआड चालणाऱ्या ॲप्सना तासातून मोजक्याच वेळा ठिकाण कळेल अशी मर्यादा घातली, आणि त्याच वर्षीच्या आयओएस ११ ने (आयओएस म्हणजे आयफोनची प्रणाली) कोणत्याही ॲपला ‘नेहमी’ऐवजी ‘वापरताना’ एवढीच परवानगी देण्याचा पर्याय वापरणाऱ्याच्या हाती दिला. अँड्रॉइडवर तो पर्याय २०१९ मध्ये, म्हणजे अँड्रॉइड १० मध्ये आला. पुढे आयओएस १४ आणि अँड्रॉइड १२ यांनी नेमके ठिकाण न देता ढोबळ परिसर तेवढा सांगण्याचीही सोय केली. म्हणजे पूर्वी एका मोठ्या स्विचकडून जे करून घ्यावे लागे, ते आता ॲपगणिक करता येते.

हे ठाऊक असूनही मी पहिली वाट धरली, कारण स्विच एकच होता आणि परवानग्यांची ती लांबलचक यादी चाळायचा कंटाळा होता. पहिला आठवडा बरा गेला. त्यानंतर जो त्रास सुरू झाला त्यानेच माझ्यापुरता निकाल लावला, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. अनोळखी भागात कोणाकडे तरी जायचे असते. तिठ्यावर थांबून मी नकाशा उघडतो, तर तो आधी लोकेशन चालू करा म्हणतो. सेटिंग्जमध्ये जाऊन, ते चालू करून परत यावे, तो पडद्यावर निळा ठिपका उमटलेला असतो खरा, पण त्याच्याभोवतीचे फिकट निळे वर्तुळ एवढे मोठे असते की त्यात तिन्ही रस्ते आरामात मावतात. मी उभा असतो रस्त्याच्या कडेला आणि ठिपका मला दाखवत असतो समोरच्या इमारतीच्या पोटात. वर्तुळ हळूहळू आकसते, ठिपका मध्येच मागच्या गल्लीत एक उडी मारून येतो, दिशा दाखवणारा निळा झोत उलटा फिरतो. तोवर मी धीर न धरता पन्नास पावले पुढे गेलेलो असतो, आणि तो रस्ता बहुधा चुकीचाच निघतो.

यात नकाशाचा दोष नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ठिकाण ठरवायला त्यांपैकी किमान ४ उपग्रहांचे संदेश लागतात. उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती तो स्वतःच पाठवतो, परंतु सेकंदाला अवघ्या ५० बिटांच्या वेगाने, आणि त्या संदेशाचे एक आवर्तन ३० सेकंदांचे असते; मध्येच संदेश तुटला तर पुढच्या आवर्तनाची वाट पाहावी लागते. फोन ही माहिती नेटवरून आयती मिळवून वेळ वाचवतो, पण ती काही तासांतच शिळी होते, आणि नेट रखडलेले व दोन्ही बाजूंना उंच इमारती अशी गाठ पडली की वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. लोकेशन चालूच असलेल्या फोनजवळ निदान अलीकडचा एक अंदाज तरी तयार असतो. बंद ठेवलेला फोन प्रत्येक वेळी पाटी कोरी करून बसतो.

याहून चीड आणणारी गोष्ट पुढे होती. मुक्कामी पोचल्यावर स्विच पुन्हा बंद करण्याचे माझ्या लक्षात राहत नसे. दुसऱ्या महिन्यात तर लोकेशन बंद असलेल्या दिवसांपेक्षा चालू राहिलेले दिवसच जास्त असावेत. आणि परवानग्यांची यादी मी कधी निवडलेलीच नसल्यामुळे, ज्या ज्या दिवशी ते चालू राहिले त्या त्या दिवशी ‘नेहमी’ची परवानगी असलेली सगळी ॲप्स मोकाट सुटलेली असत. बचत कागदावर, गैरसोय मात्र रोजची, असा तो व्यवहार होता. हरवलेला फोन शोधण्याची सोयही लोकेशनवर अवलंबून असते हे माझ्या ध्यानात उशिरा आले. सुदैवाने तशी वेळ आली नाही.

मेलवर माझा संशयच नव्हता, कारण मेल दिसायला लहान. चार ओळींच्या मजकुराला कितीशी वीज लागणार? पण खर्च मजकुराचा नसतोच, तो रेडिओ, म्हणजे मोबाइल टॉवरशी बोलणारा फोनमधला भाग, जागा करण्याचा असतो. मोबाइल डेटावर फोनने सर्व्हरशी दोनच शब्दांची देवाणघेवाण केली, तरी त्याचा रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने तो काही सेकंद तसाच जागा राहतो, आणि नेटवर्कच्या मांडणीनुसार हा काळ दहा सेकंदांच्या घरातही जाऊ शकतो. फोनच्या मेल ॲपमध्ये दर १५ मिनिटांनी तपासणी लावलेली असेल, तर २४ तासांत ९६ वेळा हा प्रकार होतो, आणि त्यातल्या बहुतेक वेळा उत्तर एवढेच असते की नवीन काही नाही. जिथे रेंज कमी असते तिथे हाच संवाद फोनला जास्त ताकद लावून करावा लागतो. माझी कामाची जागा आतल्या खोलीत आहे आणि तिथे रेंजची एकच दांडी येते.

माझी खाती तीन आहेत: कार्यालयाचे, खासगी, आणि एक जुने, ज्यावर आता केवळ पावत्या येतात. तिन्ही आयफोनच्या मेल ॲपमध्ये होती आणि त्यांच्या तपासणीसाठी १५ मिनिटांचा पर्याय कधीतरी मीच निवडून विसरून गेलो होतो. सेटिंग्जमधले बॅटरीचे पान नीट वाचले तेव्हा दिसले की मेल ॲप पडद्यावर काही मिनिटेच उघडे होते, पडद्याआड मात्र त्याची नोंद तासांच्या हिशोबात होती. नकाशाच्या बाबतीत चित्र नेमके उलटे होते. त्याचा बहुतेक वापर पडद्यावरचा होता, म्हणजे मी स्वतः मागितलेला. (या पानावरची टक्केवारी वाचताना एक पथ्य पाळावे: अनेक फोनांवर ती पूर्ण बॅटरीची नसून खर्च झालेल्या चार्जमधला वाटा सांगते. दिवसभरात फोन फारसा वापरलाच नसेल, तर एखादे गरीब ॲपही तिथे दरोडेखोर दिसते.)

मेलमध्ये पुश (म्हणजे नवा मेल आला की सर्व्हरनेच फोनला कळवणे) चांगले की ठरावीक वेळाने तपासणी, या प्रश्नाला सरसकट उत्तर देणे मला अवघड वाटते, कारण पुश या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी चालतात. आयफोनवर ॲपलची आणि अँड्रॉइडवर गूगलची सामाईक पुश सेवा असते, ज्यात सर्व ॲप्सच्या सूचना एकाच उघड्या जोडणीवरून येतात. ती जोडणी गप्पांच्या ॲपसाठी तशीही चालूच असते, त्यामुळे मेलने तिच्यावर थोडा भार टाकला तरी फारसे बिघडत नाही. याउलट काही मेल ॲप्स प्रत्येक खात्यासाठी सर्व्हरशी स्वतंत्र जोडणी धरून ठेवतात. आयमॅपच्या, म्हणजे सर्व्हरवरचा मेल वाचण्याच्या प्रचलित नियमावलीच्या, या पद्धतीचे मूळ १९९७ सालच्या मानकात आहे, आणि सर्व्हरने कंटाळून जोडणी तोडू नये म्हणून निदान दर २९ मिनिटांनी ती नव्याने जागती करावी असे ते मानकच सांगते. अशी चार खाती असली तर फोनला चार दोऱ्या हातात धरून बसावे लागते.

आयफोनवर जीमेल वापरणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. गूगलने ३० जानेवारी २०१३ पासून नव्या खासगी वापरकर्त्यांसाठी एक्स्चेंज पद्धतीची (पुश देणारी, मूळ मायक्रोसॉफ्टची) जोडणी बंद केली, तेव्हापासून आयफोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये जीमेलला पुश मिळत नाही, तपासणीच लावावी लागते. जीमेलचे स्वतंत्र ॲप घेतले की ते सामाईक सेवेवरून सूचना देते. एक ॲप वाढवून बॅटरी वाचते हे ऐकायला विचित्र वाटते, पण माझा अनुभव तसा आहे.

पुशची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्याच्या खात्यावर दिवसाला शंभर-दीडशे मेल येतात त्याचा फोन तितक्या वेळा जागा होणार, आणि अशा माणसाला तासातून एकदाच तपासणी लावणे अधिक फायद्याचे ठरू शकते. मला खटकतो तो मधला, १५ मिनिटांचा पर्याय. त्यात बॅटरीही जाते आणि मेलही वेळेवर येत नाही. एकदा एका संकेतस्थळाने मेलवर पाठवलेला, १० मिनिटांपुरता चालणारा कोड माझ्या फोनवर पोचला तेव्हा मुदत संपून गेली होती. दुसरा मागवला, आणि तो येतो का हे पाहण्यासाठी इनबॉक्स अंगठ्याने खाली ओढत बसलो. म्हणजे तपासणी शेवटी हातानेच झाली.

एक गोष्ट मला बोलकी वाटते. २०१५ साली आयओएस ९ बरोबर आलेला आयफोनचा लो पॉवर मोड चालू केला की मेलची आपोआप होणारी तपासणी थांबते, लोकेशनचा मुख्य स्विच मात्र तसाच राहतो. बॅटरी तळाला गेल्यावर सगळ्यात आधी कशावर पाणी सोडायचे, याचा फोन बनवणाऱ्यांनी केलेला हिशोब त्यात दिसतो. अँड्रॉइडच्या बॅटरी सेव्हरमध्ये काही फोनांवर पडदा बंद असताना लोकेशनही थांबवले जाते हे मान्य, तेव्हा हा पुरावा एकतर्फी धरू नये.

पहिली वाट कोणालाच लाभणार नाही असे मला म्हणायचे नाही. ज्यांचे रोजचे जाणे-येणे ठरलेले आहे, नकाशा महिन्यातून एखाद्या वेळीच लागतो आणि मेलला मात्र मिनिटाच्या आत उत्तर द्यावे लागते, त्यांनी लोकेशन खुशाल बंद ठेवावे. खासगीपणासाठी ते बंद ठेवणाऱ्यांचा मुद्दा तर वेगळाच आहे आणि तो बॅटरीच्या तराजूत तोलू नये. मात्र अँड्रॉइडवर असे करताना वाय-फाय आणि ब्लूटूथ स्कॅनिंगचे दोन छोटे स्विच लोकेशनच्याच पानावर पाहून घ्यावेत, कारण वाय-फाय बंद दिसत असले तरी आसपासचे राउटर शोधण्याचे काम त्या स्विचवर चालू राहू शकते.

माझ्या फोनवर सध्याची मांडणी अशी आहे. लोकेशन चालू. नकाशा आणि कॅमेरा ‘वापरताना’, हवामान ‘वापरताना’ आणि तेही ढोबळ परिसरापुरते, खरेदीची सगळी ॲप्स ‘कधीही नाही’. ‘नेहमी’ची परवानगी एकाच ॲपला उरली आहे, तीही घरच्यांना माझे ठिकाण कळावे म्हणून. यादी निवडायला वीसेक मिनिटे लागली, ज्यांचा मी दोन महिने कंटाळा केला होता. कार्यालयाचे खाते पुशवर आहे, खासगी खाते स्वतंत्र ॲपमधून येते, आणि चार्जरची आठवण पूर्वी दुपारी चारच्या सुमारास होत असे ती आता बहुतेक दिवशी रात्रीच्या जेवणानंतर होते. यातला किती वाटा परवानग्यांचा आणि किती मेलचा हे मी सांगू शकणार नाही, पण परवानग्या आधी बदलल्या तेव्हा फरक थोडा जाणवला होता आणि मेल आवरल्यावर ठळक. जुने तिसरे खाते आता मी स्वतः उघडेन तेव्हाच तपासले जाते. गेल्या महिन्यात ते दोनदा उघडले, आणि दोन्ही वेळा आत पावत्यांखेरीज काहीही नव्हते.