खोल पाण्यातल्या छोट्या माशांसाठी आइस फिशिंग रॉड: नूडल, लाइट की मीडियम-लाइट?

नोकरी-शिक्षणासाठी नागपूरहून मिनेसोटा, मिशिगन किंवा ऑन्टारियोला गेलेल्या गळवाल्याला तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात हमखास एक प्रश्न पडतो: गोठलेल्या तळ्यावर कोणता रॉड घेऊन बसायचं? आपल्याकडे काठावरून लांब काठी, तरंगा आणि चार-सहा फुटांवर आमिष असा हिशेब. तिकडे बर्फाला आठ इंचांचं भोक पाडून गळ सरळ खाली सोडायचा. भर हिवाळ्यात ब्लूगिल, क्रॅपी, यलो पर्च हे तळहाताएवढे मासे बऱ्याचदा २५ ते ४० फुटांवर जाऊन बसतात. रॉड मात्र जेमतेम दोन-तीन फुटांचा, आणि दुकानात सगळे सारखेच दिसतात.

छोट्या माशांसाठी म्हणून सहसा सर्वांत मऊ रॉड पुढे केला जातो. दहा-बारा फूट पाण्यात ते योग्यच आहे. २५ फुटांच्या खाली मात्र तोच रॉड मासे गमावतो. म्हणून आधी खोली ठरवा, मग जिगचं, म्हणजे धातूचं डोकं असलेल्या गळाचं वजन, आणि त्या वजनाला जुळणारा रॉड सर्वांत शेवटी.

नूडल प्रकारचा रॉड बहुतेक फायबरग्लासचा असतो आणि टोकापासून मुठीपर्यंत वाकतो. ०.५ ग्रॅमच्या जिगनेही त्याची टिप खाली झुकते, हा त्याचा मोठा गुण. क्रॅपी आमिष घेऊन वर सरकतो, तेव्हा झटका जाणवत नाही; दोरी ढिली पडते आणि झुकलेली टिप हळूच सरळ होते. एवढीच काय ती खूण. नूडलवर ती स्पष्ट दिसते. क्रॅपीच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते, ती या रॉडने फाटत नाही. अडचण गळ रुतवताना येते. ३० फूट नायलॉन दोरी झटका दिल्यावर आधी स्वतः ताणली जाते, उरलेला झटका रॉडच्या वाकण्यात जिरतो, आणि खाली गळ जेमतेम हलतो. मासा अर्ध्या वाटेवर सुटतो तो बहुधा याच कारणाने.

ग्राफाइटचा लाइट रॉड, २८ ते ३२ इंचांचा आणि फास्ट ॲक्शनचा, म्हणजे फक्त वरचा भाग वाकणारा. खोल पाण्यासाठी आमची पहिली पसंती हीच. टिप मऊ असल्याने ओढ दिसते, आणि खालचा दोन तृतीयांश भाग ताठ असल्याने मनगट उचललं की गळ खरोखर वर येतो. अट एकच: जिग पुरेशी जड हवी. १/३२ औंस म्हणजे सुमारे ०.९ ग्रॅम, आणि ३० फुटांच्या पुढे १/१६ औंस, म्हणजे सुमारे १.८ ग्रॅम. हलकी जिग लावली तर टिप झुकतच नाही आणि क्रॅपीची वर सरकणारी ओढ मुळीच कळत नाही. जिग टंगस्टनची घ्या. त्याची घनता १९च्या आसपास, शिशाची ११.३, तेवढ्याच वजनाची जिग आकाराने लहान राहते आणि लवकर तळ गाठते. ग्राफाइट ठोकर सहन करत नाही, आणि थंडीत तर मुळीच नाही. बादलीच्या काठावर आपटला किंवा बुटाखाली आला की चीर पडते. ती त्या दिवशी दिसत नाही. पुढच्या माशाला रॉड तिथेच तुटतो.

मीडियम-लाइट, ३६ ते ३८ इंचांचा, उघड्यावर उभं राहून मासेमारी करणाऱ्यांना सोयीचा. लांबीमुळे दोरी बर्फाच्या धारेपासून दूर राहते आणि मोठा पर्च आला तरी पेलतो. ब्लूगिलची हलकी ओढ मात्र त्याच्या टिपेवर दिसत नाही. टोकाला स्प्रिंग बॉबर, म्हणजे पातळ लवचीक तार, लावून थोडं भागतं, पण १.८ ग्रॅमची जिग मऊ तारेला पूर्ण खाली ओढते, मग ती काहीच सांगत नाही. बर्फावर तंबू लावून आत बसणाऱ्याने हा रॉड घेऊच नये, हात हलवायला जागा उरत नाही.

रीलचा निर्णय रॉडइतकाच महत्त्वाचा आहे. साध्या स्पिनिंग रीलवरून दोरी वेढ्यावेढ्याने सुटते, पीळ साठतो आणि खाली जिग गरगर फिरत राहते. फिरतं आमिष बघून ब्लूगिल जवळ येऊन परत जातो. इनलाइन रीलमध्ये, म्हणजे रॉडच्या रेषेत उभं चाक असलेल्या रीलमध्ये, दोरी सरळ सुटते, पीळ जवळपास नाहीच. पण ती हळू गुंडाळते, आणि हलकी जिग तिचं चाक ओढू शकत नाही. त्यामुळे १/३२ औंसाच्या खाली खोल पाण्यात इनलाइन त्रास देते, आणि सोडताना अंगठा चाकावर नसेल तर गुंता ठरलेला. लाइट रॉड, इनलाइन रील, १/१६ औंसाची टंगस्टन जिग ही जोडी ३० फुटांवर सर्वांत कमी मासे चुकवते.

दोरी ३ पौंडांचा ताण पेलणारी फ्लोरोकार्बन घ्या. ती नायलॉनपेक्षा जड असते, बुडते आणि सरळ राहते. विणलेली दोरी जवळपास ताणत नाही, पण पाणी धरते आणि उघड्यावर गोठून रॉडच्या कड्यांमध्ये अडकते. गरम तंबूत असाल तरच ती लावा आणि पुढे दोन-तीन फूट फ्लोरोकार्बन जोडा.

रॉड नागपुरात हातात आला असेल, तर निघण्यापूर्वी इथेच बरंच तपासता येतं. दुसऱ्या मजल्याच्या वरच्या गच्चीवरून जिग खाली सोडा, साधारण ३० फूट होतात. वारा नसलेली सकाळ निवडा. खाली उभ्या असलेल्याने जिग चिमटीत धरून अर्धा इंच वर उचलावी आणि तुम्ही टिप बघावी: टिप सरळ झाली तर रॉड आणि जिग जुळले. मग त्याने जिग हलकेच धरून ठेवावी आणि तुम्ही मनगटाने एक झटका द्यावा. हातातून जिग सुटली नाही, तर माशाच्या तोंडातही गळ रुतणार नाही. त्याच वजनाची शिशाची जिग असेल तर पाण्यात ती टंगस्टनपेक्षा किंचित हलकी भासते, एवढा फरक धरा.

रील प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, आणि मिनेसोटातल्या जानेवारीच्या पहाटे तापमान तिथपर्यंत सहज उतरतं. सकाळी हँडल जड फिरलं तर आतलं ग्रीस घट्ट होतंय. ते पुसून पातळ रील ऑइलचे एक-दोन थेंब द्या. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक, त्याच थंड अवस्थेत तपासा. ३ पौंड म्हणजे सुमारे १.३६ किलो, ड्रॅग त्याच्या एक तृतीयांशावर सुटायला हवा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४५० मिलि पाणी भरून दोरी थेट रीलवरून बांधा, रॉडच्या कड्यांतून नको. बाटली हळूहळू खाली सरकली पाहिजे. अडकून मग धप्पकन सुटली, तर हीच रील बर्फावर दोरी तोडेल.

आणखी एक, फक्त खोल पाण्यापुरतं. ३० फुटांहून खालून काढलेल्या क्रॅपीचा वाताशय फुगतो, आणि परत सोडला तरी तो बहुधा वाचत नाही. खायला हवे तेवढे मासे मिळाले की जिग वर घ्या, किंवा उथळ जागी नवं भोक पाडा. तिथे नूडल कामाला येतो, म्हणून दुसरा रॉड घ्यायचाच झाला तर तो नूडल घ्या. मिनेसोटात बर्फावर एका माणसाला दोन दोऱ्यांची परवानगी आहे.

२८ इंचांचे दोन्ही रॉड मोठ्या सुटकेसमध्ये तिरपे मावतात. टिपा एकमेकींच्या उलट दिशेला ठेवून पीव्हीसी पाइपमध्ये घाला आणि रील काढून वेगळी गुंडाळा.