एबीएस वाचणारा स्कॅनर: एक पावसाळा वापरून झाल्यावर

स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल माझ्याकडे आधीपासून होता. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचला की मोबाइलवर इंजिनाचे कोड (बिघाडाचे क्रमांक) दिसतात. तेवढ्यावर बरीच वर्षं भागलं. मीटरमध्ये एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला आणि हाच डोंगल छातीठोकपणे सांगू लागला, 'एकही फॉल्ट नाही.' त्या बिचाऱ्याची चूक नाही. प्रदूषणाशी संबंधित इंजिनाचे 'पी'पासून सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांना ठरावीक पद्धतीनेच उघडे ठेवावे लागतात. ब्रेकच्या मॉड्यूलला (ब्रेक सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला) ती सक्ती नाही. तिथले 'सी'चे कोड वाचायला त्या त्या कंपनीची पद्धत येणारं यंत्र लागतं. म्हणून एबीएस, एअरबॅग आणि स्टिअरिंग उघडणारा हातातला स्कॅनर घेतला. पाच आकडी रक्कम गेली, घरात त्यावर चर्चाही झाली.

आम्ही चिपळूणचे. इथे पावसाळा म्हणजे गाडीच्या वायरिंगची परीक्षाच. घरची हॅचबॅक, मेव्हण्याची एसयूव्ही आणि 'जरा बघता का' म्हणत आलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या, एवढ्या सगळ्यांवर हा स्कॅनर फिरवून झाल्यावर लिहितोय.

घरच्या गाडीत कोड आला: डावं मागचं चाक, स्पीड सेन्सर सर्किट. गॅरेजमध्ये याचं सरळ भाषांतर होतं, 'सेन्सर उडालाय, नवीन टाकू.' पण सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या दोन वायरी, मधला कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि मॉड्यूलची पिन, हे सगळं आलं. कोड फक्त गल्ली सांगतो, घर आपल्यालाच शोधावं लागतं.

त्यासाठी या यंत्राचं जे फीचर पैसे वसूल करतं ते म्हणजे लाइव्ह डेटा. चारही चाकांचा वेग एकाच ग्राफवर दिसतो. मोकळ्या रस्त्यावर बायकोने गाडी हळू चालवली, मी शेजारी स्क्रीन धरून बसलो (चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचंच नाही). तीन रेघा एकमेकींना चिकटून, चौथी खड्डा आला की शून्यावर आपटायची आणि परत वर यायची. सेन्सर कायमचा मेला असता तर रेघ वर आलीच नसती. खड्ड्यालाच पडते म्हणजे कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट. मागचं चाक काढलं, आतल्या बाजूचा कपलर उघडला. रबरी सील खराब झालेलं, आत पाणी, एका पिनेवर हिरवा थर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिना साफ केल्या, सैल पिन जरा दाबून घट्ट केली, सील बदललं. सेन्सर जुनाच आहे, दिवा परत लागलेला नाही.

दिवा नेमका कधी लागतो, ही फुकटातली तपासणी कुणी करत नाही. चावी फिरवल्यावर दिवे लागून काही सेकंदांत विझतात, ती मॉड्यूलची स्वतःची चाचणी असते. त्यात एबीएसचा दिवा विझलाच नाही तर बहुधा तुटलेली वायर, शॉर्ट, फ्यूज किंवा मॉड्यूलचा सप्लाय. विझून गाडी थोडी पळाल्यावर लागला तर वायर सलग असण्याची शक्यता जास्त आणि संशय सिग्नलवर: सेन्सर जी वाचतो त्या दातेरी रिंगवर गंज, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा चुरा, बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा). आता कुणाचाही फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, स्कॅनर नंतर.

स्कॅनरइतकंच काम मल्टिमीटरने केलं, आणि इथे एक सावधगिरी. जुन्या गाड्यांतले सेन्सर म्हणजे नुसती कॉइल. त्यांचा रेझिस्टन्स मोजता येतो, साधारण एक-दोन हजार ओहमच्या आसपास येतो, आणि चाक हाताने फिरवलं की एसी व्होल्टेज दिसतं. आताच्या बहुतेक गाड्यांत ॲक्टिव्ह सेन्सर असतात. त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि सिग्नल करंटमध्ये असतो: साधारण ७ आणि १४ मिलिॲम्पिअर, असा वर-खाली. त्यांना ओहमवर मोजून काही कळत नाही, उलट चांगला सेन्सर खराब ठरतो. तिथे कपलर काढून, इग्निशन चालू ठेवून, गाडीकडच्या दोन वायरींमध्ये सप्लाय येतोय का तेवढं बघायचं. सप्लाय आला तर मॉड्यूलपासून तिथपर्यंतची वायर सलग आहे एवढं तरी कळतं. आणि या वायरींना टेस्ट लॅम्प अजिबात लावायचा नाही. बल्ब ओढतो तेवढा करंट सोसायला मॉड्यूलची ती पिन बनलेलीच नसते.

मेव्हण्याच्या गाडीला घसरणारी गाडी आणि वळणाच्या रेघा असं ईएसपीचं (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं) चित्र लागायचं, क्रूझ कंट्रोलही बंद. कुंभार्ली घाट चढताना हमखास. त्याला कुणीतरी पूर्ण एबीएस युनिट बदलायचं कोटेशन दिलं होतं, आकडा ऐकून सासरेबुवांनीच मला फोन केला. स्कॅनरवर ब्रेक पेडलचं लाइव्ह स्टेटस उघडलं. पेडलच्या स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात, दोघांनी एकाच वेळी उलटं-सुलटं व्हायला हवं. इथे एक बदलायचा, दुसरा कधी बदलायचा कधी नाही. चालक ब्रेक दाबतोय की नाही हेच मॉड्यूलला कळेना, मग ते ईएसपी बंद करून मोकळं झालं. काही शे रुपयांचा स्विच.

शेजारच्या गाडीचं बेअरिंग नुकतंच बदललं होतं आणि लगेच दिवा. ग्राफवर ते चाक अखंड शून्य. त्या गाडीत वेगळी दातेरी रिंग नसते, बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग उलटं बसलं की पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते. आधी सेन्सर, मग वायर अशी मोडतोड न करता पाच मिनिटांत निदान झालं. बेअरिंग पुन्हा काढायला मात्र दिवस गेला.

पाऊस संपता संपता एक गाडी अशी आली की एबीएस, ईएसपी, पॉवर स्टिअरिंग सगळेच दिवे आणि कोडांची ही लांबलचक यादी, बरेचसे 'यू'चे, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलत नसल्याचे. अशी यादी बघून घाबरायचं नाही. एवढी मॉड्यूल एकाच दिवशी मरत नाहीत. बॅटरी जुनी होती, स्टार्टर मारताना व्होल्टेज नऊच्या खाली जात होतं, आणि बॉडी अर्थच्या (बॅटरीची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडतात तिथल्या) बोल्टवर गंज. अर्थ तपासायला ओहम नको, व्होल्टेज ड्रॉप बघा: लोड चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत. ०.१-०.२ व्होल्टच्या वर गेलं की तिथे सँडपेपर मारायची वेळ झाली. बॅटरी बदलली, अर्थ साफ केला, कोड पुसले, एकही परत आला नाही. कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, पुसल्यावर पुरावा गेला.

आता स्कॅनरच्या तक्रारी. कोडचं वर्णन काही गाड्यांत इतकं मोघम येतं की 'चेसिस फॉल्ट' एवढंच दिसतं. डावं-उजवं उलटं दाखवलेलं एका गाडीत सापडलं, म्हणून आता मी आधी प्रत्येक चाक जॅकवर उचलून फिरवून खात्री करतो. सॉकेटला लागणारी केबल आखूड आहे. स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य सेट करायची सोय मेनूत दिसते, पण घरच्या गाडीत चालत नाही, त्यामुळे अलाइनमेंटनंतर दिवा लागला तर सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं. अपडेट पहिलं वर्ष फुकट, नंतर दरवर्षी पैसे, आणि ही गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरांत.

नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक चालतात, फक्त जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. पिवळ्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही असेल तर आधी हँडब्रेक आणि ब्रेक ऑइल बघा. दोन्ही ठीक असून लाल विझत नसेल तर मागच्या-पुढच्या चाकांतली ब्रेकची वाटणीही बंद पडलेली असू शकते. ती गाडी घाटात न्यायची नाही, स्कॅनर हातात असला तरी.

घरात एकच गाडी आणि ती वॉरंटीत असेल तर हा खर्च करू नका. चांगला मल्टिमीटर घ्या, तो कशालाही उपयोगी पडतो. चार-पाच गाड्यांचा गोतावळा असेल आणि चाक उघडायची तयारी असेल तर घ्या, फक्त दुकानात आपल्या गाडीला लावून चारही चाकांचा लाइव्ह डेटा दिसतो का ते आधी बघा. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे, अपडेटचे पैसे पुढच्या वर्षी भरणार नाही.