साडेतीन लिटरचा स्लो कुकर : बाळाच्या मटणासाठी घ्यावा का?

आम्ही वडोदऱ्याचे, दांडिया बाजारातले. रविवारी घरात मटण शिजतंच, मग सात महिन्यांच्या नातवालाही त्याचा वाटा हवा, असं सूनबाईचं म्हणणं. लोहासाठी सहा महिन्यांनंतर मांस चालतं म्हणे. तेवढ्यासाठी हा स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, घरात आला.

मटण मऊ होतं, यात वाद नाही. बिनहाडाचे तुकडे, लाल भोपळा, बुडेल इतकं पाणी, मीठ अजिबात नाही. ‘लो’वर सात-आठ तास. मधे झाकण उघडायचं नाही. चमच्याने दाबलं की धागे सुटतात. वर तरंगणारी चरबी काढायची आणि त्याच पाण्यासकट मिक्सरमधून फिरवायचं. पाणी कमी पडलं तर रवाळ राहतं, साहेब लगेच थुंकतात. गोठलेलं मटण थेट घालू नका, भांडं फार सावकाश तापतं. उरलेलं दोन तासांच्या आत बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीजरला.

टायमर नाही. वायर आखूड. सिरॅमिकचं भांडं इतकं जड की घासताना माझं मनगट भरून येतं. शिवाय अर्धं तरी भरावं लागतं, म्हणजे वाटीभर करायची सोयच नाही. रात्री लावून झोपायचं असेल तर घ्या, नाहीतर आपला प्रेशर कुकर बरा.