रटलंड वॉटर, एगल्टन: ऑक्टोबरात आवर्जून जा

इंग्लंडमध्ये लेस्टरला राहायला आल्यापासून ऐकत होते की पक्षी बघायचे तर रटलंड वॉटर हे जवळचं मोठं तळं, पण उन्हाळाभर रविवार अलॉटमेंटवरच (भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर) जातो, पाणी घाला, गवत उपटा, घेवडा तोडा, त्यामुळे राहूनच जायचं. ऑक्टोबर लागला की तिथली कामं एकदम ओसरतात, मेथी-कोथिंबीर दंवाने जाते, भोपळे घरी आलेले असतात, लसणाच्या पाकळ्या टोचल्या की वाफे झाकून ठेवायचे आणि मग खरंच निवांत. यंदा आई इंदापूरहून आली होती, तिला घेऊन दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा इतकं छान वाटलं की लिहायलाच बसले.

जायचं कसं ते आधी सांगते. लेस्टरहून ओकमला थेट ट्रेन आहे, अर्ध्या-पाऊण तासात पोचता. तिथून तळ्याकाठचं एगल्टन तीनेक किलोमीटर, पाय चांगले असतील तर चालत जा, आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही टॅक्सी केली. बर्डवॉचिंग सेंटरच्या काउंटरवर परमिट घ्यायचं. वरच्या मजल्यावर मोठ्या काचा आहेत, समोर थेट पाणी आणि बदकं, पाऊस असला तरी तिथे बसून बघता येतं. पण फक्त तेवढंच बघून परत येऊ नका, हाइडमध्ये जाऊन बसा. हाइड म्हणजे फटी ठेवलेली लाकडी खोली, आत बाक, कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि शेजारी बसलेली अनोळखी माणसंसुद्धा हळूच खुणावतात की डावीकडे बघा, पाणलावा आहे.

ऑस्प्रे म्हणजे मासे पकडणारा मोठा शिकारी पक्षी, त्याच्यासाठी ही जागा प्रसिद्ध आहे. 1996 पासून स्कॉटलंडहून पिल्लं आणून इथे सोडली आणि 2001 ला इथलं पहिलं पिल्लू झालं, एवढी चिकाटी. पण ऑक्टोबरात ऑस्प्रे नसतात हे लक्षात ठेवून जा, तोवर ते पश्चिम आफ्रिकेकडे निघून गेलेले असतात. त्यांच्यासाठी जायचं तर एप्रिल ते ऑगस्ट. ऑक्टोबर बदकांचा. गडवाल आणि थापट्या इथे एवढ्या संख्येने येतात की 1991 पासून ही रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे.

आणि खरी मजा इथेच झाली. मी पुस्तक उघडून इंग्लिश नावं शोधतेय आणि आई म्हणाली, "अगं, हा तर थापट्या, भिगवणला थंडीत असतो की!" चमच्यासारखी रुंद चोच, चार-पाच जण गोल गोल फिरत पाणी ढवळून खात होते, बरोबर तोच. मग तिने तलवार बदक ओळखलं, शेंडी बदक ओळखलं आणि काळ्या अंगावर पांढरं कपाळ दिसल्याबरोबर वारकरी. वारकरी तर शेकड्यांनी होते. बुडी मारून पाणवनस्पती वर आणायचे आणि शेजारी टपून बसलेलं गडवाल ती चोचीतून ओढून घ्यायचं, आम्ही अर्धा तास तेवढंच बघत होतो. इथली बदकं भिगवणला जातात असं नाही हं, पण जात तीच, आणि परक्या देशात आईला ओळखीचं कोणीतरी भेटलं याचा मला फार आनंद झाला.

दुसऱ्या फेरीत याच तळ्याच्या काठावरच्या नॉर्मंटनला गेलो. रटलंड वॉटर हेही उजनीसारखं धरणच आहे, 1970 च्या दशकात बांधलेलं, आणि नेदर हॅम्बल्टन गाव पाण्याखाली गेलं. नॉर्मंटनचं चर्च मात्र आतली जमीन उंच करून, बाहेरून भराव घालून वाचवलं, ते काठावर पाण्यात उभं असल्यासारखं दिसतं. उजनीत गेलेलं पळसदेवचं देऊळ पाणी उतरलं की वर येतं ते आईने लहानपणापासून ऐकलेलं, बघितलेलं. ती चर्चकडे बघत बराच वेळ गप्प बसली. मीही काही विचारलं नाही.

दुर्बीण मात्र नीट बघून घ्या. मी आधी ऑनलाइन स्वस्तातली घेतली होती, पहिल्याच धुक्यात आतून वाफ धरली आणि दुकानदाराने परतही घेतली नाही. आता 8x42 (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 42 मिलिमीटरची) वापरते, वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेली. दहापटीची घ्यायचा मोह होतो पण हातात हलते, आणि ढगाळ दिवसात 8x42 मधून उजेड चांगला येतो. चष्मा असेल तर आयकप खाली करून घालून बघा आणि मगच पैसे द्या. हीच दुर्बीण अलॉटमेंटवर पण नेते. वाफा उकरला की रॉबिन फावड्यापासून हातभर अंतरावर येऊन गांडुळाची वाट बघतो, त्याला दुर्बीण लागतच नाही, पण लांबच्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडावर रेडविंग (थंडीत येणारे कस्तुराच्या जातीचे पक्षी) उतरले की लागते.

पाचपैकी पाच देते. पूर्ण तळ्याला चक्कर मारायचा विचार असेल तर तळ्यात घुसलेला हॅम्बल्टनचा जमिनीचा भाग धरून 23 मैल होतात, तो सायकलवाल्यांचा कार्यक्रम आहे, आईवडिलांना घेऊन एगल्टनच बरं. चिखलाचे बूट, टोपी, थर्मासमध्ये चहा न्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेचारच्या सुमारास अंधारायला लागतं, तेव्हा सकाळचीच गाडी धरा.