कॉबलस्टोन, डब्लिन: फिडल न्या, पण आधी ऐका

पुण्यात मांडी घालून, सा-प-सा-प लावून व्हायोलिन शिकलेली मी. डब्लिनच्या स्मिथफील्ड भागातल्या या पबात तेच वाद्य फिडल होतं आणि तारा जी-डी-ए-ई. पहिल्या दिवशी व्हायोलिनची पेटी उघडलीच नाही. जमलेल्या वादकांनी जिग, म्हणजे आयरिश नाचाची धून, सुरू केली आणि पायाने आपसूक दादरा धरला. सहाच मात्रा की! पुढ्यात कागद कुणाच्याच नाही, सगळं कानावर. तिसऱ्या खेपेला हिंमत केली. एका जागी अडखळले, तर शेजारच्या आजोबांनी दोन सुरावटींच्या मधे तेवढाच तुकडा हळू, दोनदा वाजवला. एक शब्द न बोलता. २०२१मध्ये इथे हॉटेल उभारायचा घाट होता. वादक वाद्यांसकट रस्त्यावर उतरले, महापालिकेने परवानगी नाकारली. बीअर मी पीत नाही, कुणी आग्रहही करत नाही.