नेट बंद असताना ज्याला तुमची स्क्रीन दिसते

घरातलं इंटरनेट खरोखर बंद असेल, तर कुठल्याही कंपनीचा कुठलाही इंजिनिअर लांब बसून तुमचा कॉम्प्युटर बघू शकत नाही. तो बघत असेल, तर दुसऱ्या वाटेनं आत आला आहे आणि ती वाट त्यानं तुमच्याच हातून उघडून घेतली आहे. एवढी एक गोष्ट माझ्या वडिलांना त्या संध्याकाळी कुणी सांगितली असती, तर त्यांच्या खात्यातले जवळजवळ ८८ हजार रुपये वाचले असते. मी पुण्यात एका कॉलेजचं नेटवर्क सांभाळते, त्यामुळे त्या माणसानं काय काय दाखवलं आणि त्याचा खरा अर्थ काय, हे मला नीट सांगता येईल. अप्पांच्या परवानगीनं लिहितेय. ‘सगळं लिही, काही गाळू नकोस,’ असं त्यांनीच बजावलं आहे.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. सांगलीत पाऊस लागून राहिला होता आणि आमच्या गल्लीत ड्रेनेजसाठी रस्ता खणलेला. दुपारी नेट गेलं. अप्पा पेन्शनर आहेत, आपलं इन्कम टॅक्सचं रिटर्न दरवर्षी स्वतः लॅपटॉपवर भरतात, आणि ३१ जुलै तोंडावर आली होती. त्यांनी मोडेम बंद-चालू केला, लॅपटॉप बंद-चालू केला. गल्लीतल्या सगळ्यांकडे ज्याचा नंबर असतो त्या लाइनमनला फोन लावला, तो उचलेना. मग मोबाइलवर कंपनीचं नाव, पुढे ‘सांगली’ आणि ‘कस्टमर केअर’ असं टाकून शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला.

तो नंबर कंपनीचा नव्हता. असे नंबर पैसे मोजून जाहिरातीत वर आणले जातात, कंपनीच्या नावाची खोटी पानं काढून त्यावर टाकले जातात, किंवा नकाशावरच्या नोंदीत घुसवले जातात. नकाशावरची माहिती कुणालाही ‘दुरुस्त’ करायला सुचवता येते, याचा फायदा घेऊन बँकांच्या शाखांचे नंबर बदलल्याच्या तक्रारी २०१८ मध्येच महाराष्ट्र सायबर विभागाकडे आल्या होत्या. शोधात वर दिसला म्हणजे नंबर खरा, असं धरून चालणारी माणसं लाखोंनी आहेत, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. वर्षानुवर्षं आपण तसंच तर शोधत आलोय.

पलीकडचा मुलगा मराठी बोलत होता, आणि तेही अदबीनं. ‘काका, नाव सांगा, पत्ता सांगा. हो, तुमच्या एरियात प्रॉब्लेम दिसतोय.’ अप्पांना हायसं वाटलं. नाहीतर एरवी ‘मराठीसाठी दोन दाबा’ करत बसावं लागतं. त्यानं ‘सीनिअर टेक्निशियन’ला फोन दिला. तोही मराठीच.

‘काका, मला तुमचा लॅपटॉप चेक करावा लागेल.’

‘अहो पण नेटच नाहीये.’

‘काळजी करू नका. मोबाइलचा हॉटस्पॉट लावू या. मी सांगतो तसं करा.’

अप्पांनी यापूर्वी हॉटस्पॉट कधी वापरला नव्हता. त्या माणसानं एकेक पायरी सांगत तो लावायला शिकवला आणि लॅपटॉपवर नेट आलं. खरं तर त्याच मिनिटाला अप्पांचं काम झालं होतं. त्या हॉटस्पॉटवर रिटर्न भरून टाकता आलं असतं. पण ‘लाइनमधला फॉल्ट काढायचाय’ या शब्दांनी त्यांना थांबवलं. त्यानं लॅपटॉपवर स्क्रीन शेअर करणारं ॲप उतरवून घेतलं, त्यावर आलेला आकडा विचारला, ‘अलाऊ’ दाबायला लावलं. कर्सर आपोआप हलू लागला.

आता त्यानं जे दाखवलं ते सविस्तर सांगते, कारण माणूस इथेच घाबरतो आणि घाबरला की ऐकत जातो. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवही असते. कॉम्प्युटरमध्ये दिवसभर जे जे घडतं ते तिच्यात लिहिलं जातं: एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, अपडेट अर्धवट राहिलं. त्यातला ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह इव्हेंट्स’ हा भाग उघडला की फक्त चुका आणि इशारे तेवढे गाळून समोर येतात. लाल आणि पिवळ्या खुणांची ही लांबच लांब रांग. नव्या कोऱ्या लॅपटॉपवरही ती काही दिवसांत दिसू लागते आणि तिचा नेट जाण्याशी काही संबंध असेलच असं नाही. तो म्हणाला, ‘काका, हे सगळे व्हायरस. तुमच्या लाइनमधून आलेत.’

मग त्यानं काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट, जिथे कॉम्प्युटरला थेट हुकूम टाइप करतात) उघडली आणि ‘नेटस्टॅट’ असं टाइप केलं. त्यात एका रकान्याचं नावच ‘फॉरेन ॲड्रेस’ असं असतं. फॉरेन म्हणजे परदेश नव्हे, तर आपला कॉम्प्युटर पलीकडे ज्या कुणाशी जोडलाय ते टोक. शेजारच्या रकान्यात ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणजे जोडणी झालेली. बातम्यांचं एक पान उघडं असलं तरी अशा ओळी दिसतात. ‘बघा, फॉरेनचे लोक तुमच्या लॅपटॉपमध्ये एस्टॅब्लिश झालेत,’ असं त्यानं सांगितलं. त्याच यादीत त्याच्या स्वतःच्या ॲपची जोडणीही असणार. घरात त्या वेळी शिरलेला परका तेवढाच होता.

हे नाटक अशा टोळ्यांनी आधी परदेशातल्या वयस्कर माणसांसमोर वठवलेलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं ‘ऑपरेशन चक्र-२’ या नावानं देशभर ७६ ठिकाणी छापे घातले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉननं दिलेल्या तक्रारींवरून दाखल झालेली प्रकरणंही होती. त्यांच्या नावानं ‘टेक सपोर्ट’ देतो असं सांगून परदेशी ग्राहकांना लुबाडलं जात होतं. तीच युक्ती आता आपल्याकडे, आपल्या भाषेत आली आहे.

अप्पा पुरते धास्तावल्यावर पैशांचा विषय निघाला, आणि तोही अगदी किरकोळ. ‘तक्रार नोंदवायला फक्त १० रुपये, काका. ऑनलाइन भरा.’ व्हॉट्सॲपवर एक फाइल आली: कंपनीचं चिन्ह असलेलं ‘ग्राहक सहाय्य’ ॲप. ते प्ले स्टोअरवरचं नव्हतं. असं बाहेरचं ॲप घालताना अँड्रॉइड इशारा देतो. तो ‘नेहमीचाच मेसेज’ म्हणून पुढे ढकलायला लावला. ॲपनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही द्यायला लावली. मग त्यातल्या पानावर डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरून झाले.

यानंतर तो म्हणाला, ‘फोन स्पीकरवर टाका आणि टेबलावर पालथा ठेवा, म्हणजे हॉटस्पॉटचा सिग्नल नीट मिळेल.’ लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली. ‘अपडेट चालू आहे, हात लावू नका.’ अप्पा काळ्या स्क्रीनकडे बघत बसले, आणि पालथ्या फोनवर ओटीपी येत राहिले. अप्पांनी एकही ओटीपी कुणाला सांगितला नाही. त्यांना तो दिसलाच नाही. ते ॲप एसएमएस वाचून तिकडे पाठवत होतं. आधी ४९,९९९ रुपये गेले, मग ३८,०००.

आईला शंका आली. ‘नेट दुरुस्त करायला फोन पालथा कशाला ठेवायचा?’ असं म्हणून तिनं फोन उलटला, बँकेचे मेसेज बघितले आणि फोन कापला. नेटवर्कमधलं तिला काही कळत नाही, पण त्या सगळ्या संध्याकाळात योग्य प्रश्न तिनंच विचारला.

तिनं मला फोन केला. मी आधी दोन्ही यंत्रांचं नेट तोडायला सांगितलं: मोबाइल विमान मोडवर, लॅपटॉप सरळ बंद. मग बँकेचा नंबर, कार्डाच्या मागे छापलेला, आईला वाचायला लावला. तिनं स्वतःच्या फोनवरून १९३० लावला आणि त्याच वेळी मी इकडून बँकेला फोन करून कार्ड बंद करवलं. १९३० ही आर्थिक सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात, म्हणून बँकेचे मेसेज पुसू नका. नोंद झाली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला लगेच कळवलं जातं आणि तिथे शिल्लक असेल तेवढी रक्कम अडवून ठेवता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवले जातात, त्यामुळे इथे मिनिटांनाही किंमत आहे. आमचे ३८ हजार अडवले गेले. ते परत मिळावेत म्हणून न्यायालयात अर्ज केला आहे. पहिली रक्कम तोवर काढून घेतलेली होती. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर पूर्ण तक्रारही भरली. तोतयेगिरी करून कॉम्प्युटरच्या आधारे फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बँकेत मात्र ‘ओटीपी वापरला गेलाय, म्हणजे तुम्हीच दिला असणार’ असं ऐकायला मिळालं. ते ऐकून गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्येच यावर परिपत्रक काढलं होतं. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचा भार त्याच्यावर येतो. मात्र कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, आणि ग्राहकाची जबाबदारी होती हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर. म्हणून कळवल्याची वेळ लेखी हवी. आम्ही शाखेत अर्ज देऊन पोच घेतली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी फी लागत नाही.

आणि नेटचं काय झालं होतं? खणताना गल्लीतली फायबर तुटली होती. दुसऱ्या दिवशी लाइनमन आला, त्यानं जोड मारला, नेट सुरू. मोडेमवर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा दुपारपासून लाल होता. त्याचा अर्थच असा, की बाहेरून प्रकाश घरापर्यंत पोचत नाही. तो दिवा लाल असताना लॅपटॉपमध्ये बघण्यासारखं काहीही नसतं. बारीक फायबर कुठे मुडपली किंवा खोबणीतून निसटली नाही ना, एवढंच घरी बघायचं (तिच्या टोकात डोळा घालून बघू नका) आणि कंपनीला कळवायचं. तुमचा मोडेम जोडलेला आहे की नाही हे खऱ्या कंपनीला तिच्या बाजूनं दिसतं. तुमची स्क्रीन तिला लागत नाही, कार्डाचा नंबर तर मुळीच नाही.

तो दिवा लाल नसेल आणि ‘पॉन’ लिहिलेला दिवा (मोडेम कंपनीशी जोडल्याची खूण) स्थिर हिरवा असेल, तर आधी मोबाइल त्याच वायफायवर चालतोय का बघा. तो चालत असेल तर गडबड लॅपटॉपची. दोन्हीवर नसेल, तर लॅपटॉप केबलनं मोडेमला जोडून बघा, आणि रिचार्ज संपलं नाही ना तेही. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाकल्यावर दिसणारा लॅपटॉपचा नेटवर्कमधला पत्ता (आयपी ॲड्रेस) १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरनं लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. राउटर बंद करून थोड्या वेळानं लावल्यावर बहुतेकदा सुटतं. पत्ता नीट आहे, ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला ‘पिंग’ही (पलीकडून उत्तर येतंय का याची चाचणी) जातंय, पण पानं उघडत नाहीत, तर बहुधा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा, बिघडलाय. यातल्या एकाही गोष्टीसाठी कुणाला घरात घ्यावं लागत नाही. कंपनीचा खरा नंबर बिलावर, तिच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा मोडेम बसवताना दिलेल्या कागदावर असतो. अप्पांनी तो आता मोडेमच्या डब्यावर चिकटवला आहे, शेजारच्या दोन घरांतही.

असं कुणाच्या घरी झालंच, तर नुसतं ॲप काढून भागत नाही. तुम्ही ‘अलाऊ’ न दाबताही पुन्हा शिरता यावं म्हणून हे लोक स्क्रीन शेअर करणाऱ्या ॲपमध्ये पासवर्ड ठेवून जाऊ शकतात, किंवा आणखी काही घालून ठेवू शकतात. मी लॅपटॉपमधले महत्त्वाचे कागद बाजूला काढून विंडोज नव्यानं घातलं, मोबाइल फॅक्टरी रीसेट केला, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड आईच्या फोनवरून बदलले, राउटरचाही बदलला. अप्पांना येणारे फोन दुसऱ्या नंबरकडे वळवून ठेवलेले असू शकतात, म्हणून ##००२# लावून सगळे फॉरवर्ड रद्द केले.

तो नंबर आम्ही दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’ सुविधेत कळवला, शोधात दिसणाऱ्या पानाबद्दलही तक्रार केली. तो नंबर आता लागत नाही. काल मी तेच शब्द टाकून पुन्हा शोधलं, तर पहिल्याच जागी दुसरा दहा आकडी मोबाइल नंबर होता. तोही कळवला आहे.