मायवनची भिंत, मेशचे दोन डबे आणि ३० मीटर केबल : ८ महिने वापरल्यावर

घोडबंदर रोडला राहतो, कासारवडवलीच्या पुढे. २ बीएचके, बिल्डिंग मायवन शटरिंगची, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नाहीत, सळया घातलेलं काँक्रीट. खिळा ठोकायचा तरी हॅमर ड्रिल लागतं, तिथे वायफाय बिचारं काय करणार. ओएनटी (फायबरचं इंटरनेट घरात आणणारा कंपनीचा डबा) हॉलमध्ये टीव्हीमागे, प्लॅन ३०० एमबीपीएसचा, हॉलमध्ये २९० यायचे आणि मागच्या बेडरूममध्ये, जिथे माझं वर्क फ्रॉम होम चालतं, दार लावलं की १५-२०.

म्हणून मेश घेतला (एकमेकांशी बोलत घरभर एकच वायफाय पसरवणारे डबे), दोन डब्यांचा, ड्युअल बँड म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवाला, वायफाय ६. पहिले दोन महिने मी स्वतःचीच समजूत घालत होतो की फरक पडलाय. कांड्या फुल दिसायच्या हो, पण स्पीड ६० च्या वर जाईना. दुसरा डबा पण त्याच भिंतीपलीकडून सिग्नल घेणार ना, आणि वर ड्युअल बँडमध्ये ज्या ५ गिगाहर्ट्झवर तो हॉलशी बोलतो त्याच्यावरच लॅपटॉपशी पण, एकाच नळाने भरायचं आणि त्याच नळाने सोडायचं. पॅसेजमध्ये जरा बरा चालायचा, पण तिथे एक्स्टेंशन बोर्ड लोळत ठेवायला बायकोने साफ नकार दिला (बरोबरच आहे तिचं).

शेवटी केबल, हॉलपासून मागच्या बेडरूमपर्यंत. लॅमिंग्टन रोडवरून कॅट ६ नेटवर्क केबल सुटी ३० मीटर आणली, अख्खा बॉक्स ३०५ मीटरचा येतो तो कशाला उगाच. घेताना प्युअर कॉपरच मागा, सीसीए नको, त्यात आत ॲल्युमिनियम असतं आणि वरून नुसता तांब्याचा मुलामा, ब्लेडने खरवडलं की पांढरं दिसतं. भिंत फोडायचा प्रश्नच नव्हता, डिश टीव्हीची जुनी वायर पाइपात पडून होती, तिलाच नवी केबल बांधली आणि एका टोकाला वायरमन दादा, दुसऱ्या टोकाला मी, "ओढा... थांबा... ढील द्या", अगदी संक्रांतीचा पतंग.

लावलं, टेस्ट घेतली, ९४. परत घेतली, ९४! अर्धा तास राउटरला शिव्या घातल्या. मग त्याच्या पेजवर बघितलं तर लिंक स्पीडच १०० दाखवत होतं. १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात आणि माझी ब्राउन तार कनेक्टरमध्ये नीट दाबून बसलीच (क्रिंप झालीच) नव्हती. कनेक्टर कापून नवा लावला आणि बेडरूममध्ये दार बंद करून २९०. तेव्हापासून केबलला हात लावलेला नाही.

बाकी किरकोळ. ओएनटी ब्रिज मोडवर टाकून द्या (म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद, ते मेश करेल) म्हणून कंपनीला तीनदा फोन केला, प्रत्येक वेळी "रीस्टार्ट करून बघा सर". नाद सोडला, मेशच ॲक्सेस पॉइंट मोडला टाकला (तो नुसतं वायफाय देणार, राउटरचं काम ओएनटीकडे), डबल नॅट, म्हणजे एकामागे एक दोन राउटर असण्याची भानगड, गेलं. लाइट गेली की लिफ्टला जनरेटर आहे, घराला नाही, त्यामुळे १२ व्होल्टचे मिनी यूपीएस घेतले, अ‍ॅडॉप्टरवरचा अँपिअर बघूनच घ्या, माझा पहिला कमी पडला, राउटर सारखा रीस्टार्ट व्हायचा.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. सासूबाईंचा फोन जुना, फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला, आणि किचनमध्ये मायक्रोवेव्ह लावला की त्यांचा व्हिडिओ कॉल अडकतो. मी म्हणतो फोन बदला, त्या म्हणतात ओव्हन बंद कर. सध्या ओव्हन बंद.